मंदाताईंचा अदमास

"काही होणार नाही" हे शब्द मंदाताई गायकवाडांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. आपण ते सारखे म्हणत असतो. आजाऱ्याला म्हणतो, परीक्षेला निघालेल्या मुलाला म्हणतो, रिपोर्टची वाट बघणाऱ्या शेजाऱ्याला म्हणतो. मंदाताई म्हणत नसत. त्या म्हणत, "थोडं होतं. किती थोडं, ते सांगते."

त्या गेल्यावर मार्गासनीला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मंडपाच्या कडेला दोन गृहस्थ खुर्च्या जवळ ओढून बोलत होते. "त्या मशिनीपाशी जन्म काढला बाईनं. किरणांनीच नेली." दुसरे म्हणाले, "व्हय, दुसरं काय असनार." मंदाताई असत्या तर त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसल्या असत्या आणि शांतपणे विचारलं असतं, "असंल. पन कशावरनं अदमास काढला?"

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्या भौतिकशास्त्रज्ञ होत्या. विभागाचं नाव न्यूक्लिअर मेडिसिन. तिथे रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी औषध अगदी थोडं टोचतात. ते मूत्रपिंडात किंवा हाडांत जाऊन बसतं, आणि तिथून निघणारे किरण टिपून कॅमेरा चित्र काढतो. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येतात. इथे माणूस स्वतःच काही तास दिवा होतो, असं त्या समजावत. मोठ्या माणसाचं त्यातल्या त्यात सोपं असतं. मुलाचं शरीर वाढत असतं, अवयव एकमेकांना खेटून असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. एका तपासणीत त्याच्या अंगाला किती किरण लागले, हे पाहायला त्याच्या पोटात कुणी माप ठेवू शकत नाही. दिलेलं औषध, मुलाचं वय, वजन, ते अंगात किती वेळ राहिलं, यांवरून अंदाज काढावा लागतो. मंदाताईंची नोकरी बरीचशी हा अंदाज काढण्यात गेली.

माझी त्यांची ओळख झाली ती एका शब्दापायी. भोरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. त्यांनी आईसाठी भोरात घर घेतलं होतं आणि सुट्टीला त्या तिथे येत. एका शनिवारी टेबलापाशी येऊन त्यांनी विचारलं, "सर, पोराला किती किरण लागले त्याचा अंदाज, याला मराठीत नीट शब्द आहे का?"

मी परिभाषेचा कोश काढून दिला. त्यात 'प्रारण मात्रा' असं होतं.

"प्रारण," त्यांनी शब्द सावकाश म्हणून पाहिला. "यातलं रण तेवढं ऐकू येईल. आणि मात्रा म्हटलं की आमच्याकडच्या बाया पोराला जीभ बाहेर काढायला सांगतील, चाटवायला."

"मग किरणोत्सर्ग?"

"उत्सर्ग चालेल एक वेळ. माझं निम्मं काम लघवीशीच आहे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना शब्द खरोखरच हवा होता. म्हणाल्या, "अडचण काय आहे, कॅन्सरवर किरण देतात त्याला गावात शेक म्हणतात. मूत्रपिंडाचा फोटो काढायला आलेली आई किरण हा शब्द ऐकते आणि घरी जाऊन सांगते, पोरीला शेक दिला. संध्याकाळपर्यंत सगळी आळी रडायला दारात."

त्या दिवशी आम्हाला शब्द सापडला नाही. पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "सर, अदमास. आमच्या दादांचा शब्द. मी उगाच कोशात शोधत होते."

दादा म्हणजे त्यांचे वडील. मार्गासनीला त्यांची थोडी भातशेती होती. खळ्यावर भाताची रास पडली की पायली हातात घेण्याआधी दादा पोरांना राशीपुढे उभं करत आणि म्हणत, "अदमास सांगा." मग मोजणी होई. ज्याचं चुके त्याला बोलणी बसत नसत, पण कुठे चुकलं ते सांगावं लागे. एका वर्षी मंदाचा अदमास फारच वर गेला. तिने कारण दिलं, "रास वली हाय. फुगल्याली दिसली." दादा म्हणाले, "ह्ये खरं. ठोकून दिल्यालं येगळं, अदमास येगळा. अदमासाला कारन लागतं." हा प्रसंग मंदाताईंनी मला अनेकदा सांगितला. दर वेळी शेवटच्या वाक्यापाशी त्या बोट वर करत, बहुधा दादा करत असतील तसं.

खळ्यावरची ती सवय त्यांनी रुग्णालयात नेली होती. तपासणीला आलेल्या लहान मुलाला त्या आधी उचलून कडेवर घेत, जागच्या जागी एकदा हलवून पाहत, वजन सांगत आणि मगच काट्यावर उभं करत. नवीन लोकांना तो लाड वाटे. लाड त्यात होताच. पण केसपेपरवर कुणीतरी घाईत चुकीचं वजन लिहिलेलं असलं तर ते त्यांच्या कमरेला आधी कळे.

मी हे एकदाच डोळ्यांनी पाहिलं. वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायला पुण्याला गेलो होतो आणि परत येताना त्यांच्याबरोबर यायचं ठरलं होतं. त्यांचं काम संपेपर्यंत त्यांच्या खोलीच्या दाराशी बाकावर बसलो. समोर वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीतली सुरेखा आणि तिची मुलगी ईश्वरी बसल्या होत्या. ईश्वरीला सारखा ताप येई. लघवी उलटी वर मूत्रपिंडाकडे चढत होती. डावं मूत्रपिंड किती खराब झालंय ते कळल्यावर ऑपरेशनचं ठरणार होतं.

"वय किती हिचं?" मंदाताईंनी विचारलं.

"चार सरून पाचवं लागलंय."

मंदाताईंनी ईश्वरीकडे पाहिलं. पुढचे दोन दात पडलेले होते. त्यांनी तिला कडेवर घेतलं, हलवलं आणि सुरेखाला विचारलं, "ह्ये एस्टीतलं वय का घरचं?"

सुरेखाने ओढणी तोंडाला लावली. "एस्टीतलं."

"घरचं सांग."

"सातवं चालूय. कंडक्टरम्होरं सांगून सांगून त्येच तोंडात बसलंय. पाचाच्या आत तिकीट लागत न्हाई ना."

"आनि कंडक्टर मानतो?"

"दात पडल्यापास्नं न्हाई मानत. तोंड मिटून बस म्हनती म्या हिला."

मंदाताई ईश्वरीकडे वळल्या. "मग माझ्याम्होरं का गं उघडलंस?"

"तुमी कुठं तिकीट फाडताय," ईश्वरी म्हणाली.

मंदाताई मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "सोळा किलो." काटा सोळाच्या थोडा आत थांबला. त्यांनी ईश्वरीच्या पायांकडे पाहिलं. "चप्पल धरली मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. काट्यावर चढताना ती चप्पल काढून चढली होती.

त्यानंतर त्यांनी मला सांगितलं की ते एस्टीतलं वय हा त्यांच्या तालुक्याचा खास घोटाळा आहे. अंदाज काढायच्या तक्त्यात ठरावीक मुलं असतात: नुकतं जन्मलेलं, एका वर्षाचं, पाच वर्षांचं, दहा वर्षांचं. प्रत्येकाचं वजन, प्रत्येक अवयवाचं माप ठरलेलं. खरं मूल त्यांतल्या कुठल्या दोघांच्या मधे बसतं ते पाहायचं. आता सात वर्षांची काटकुळी पोर आईने पाच वर्षांची करून आणली, तर वजन पाचाच्या आतलं, हाडं सातव्यातली आणि कागदावर सगळं जुळलेलं. "पुस्तकातलं मूल," त्या म्हणत, "अजून माझ्याकडे आलेलं नाही. वाट बघतेय." पुढे त्यांच्या विभागातल्या शिकाऊ मुलीसुद्धा वेल्हे-भोरकडची माणसं दिसली की एस्टीतलं की घरचं, असं विचारायला लागल्या. बायकांना एस्टीत अर्धं तिकीट झालं तेव्हा मंदाताई म्हणाल्या होत्या, "आता पोरांची वयं तरी वाढतील." ती काही वाढली नाहीत.

सुरेखाला त्यांनी त्या दिवशी समजावलं ते मी बाकावरून ऐकत होतो. खोलीचं दार उघडंच होतं.

"हे बघ, किरण आपल्याला रोजच लागत्यात. जमिनीतनं येत्यात, आभाळातनं येत्यात, तोरण्याच्या खडकातनंबी येत्यात. भाताच्या लावणीपास्नं काढणीपातूर हिला घरी बसून जेवढे लागतील, तेवढे आज एका दिवसात लागनार. ह्यो अदमास हाय. थोडा हिकडं तिकडं."

"त्यानं हिला काय व्हनार न्हाई ना?"

मी पाहिलं, विभागाचे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. मंदाताई म्हणाल्या, "थोडं व्हतं. मोठेपनी आजार व्हायची धास्ती समद्यांनाच असती. हिच्या वाट्याला त्यात एक चिमूट जास्ती पडंल. दिसनार न्हाई येवढी. पन पडंल."

सुरेखाने ईश्वरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "करा."

टोचून झाल्यावर मंदाताईंनी रिकामी सुई परत किरण मोजायच्या मापाखाली धरली. सुईत उरलेलं वजा करायचं असतं. "दिलं ते नाही, पोचलं ते मोजायचं," हे त्यांचं दुसरं नेहमीचं वाक्य. ईश्वरीला त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि सांगितलं, पीत राहा आणि घडीघडीला शूला जा, जेवढं जाशील तेवढं अंगातनं लवकर निघून जातं.

"माझी शू चमकती?" ईश्वरीने विचारलं.

"कॅमेऱ्याला चमकती. तुला न्हाई दिसनार."

त्यानंतर बराच वेळ ती दर थोड्या वेळाने आईला ओढत नेत होती आणि परत येऊन तक्रार करत होती की खरंच काही दिसत नाही.

ते डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. निघताना त्यांनी मंदाताईंना बाजूला घेतलं, पण आवाज माझ्यापर्यंत येत होता. "मॅडम, काही होणार नाही म्हणून टाका ना. चिमूटभराचं सांगताना घाबरून उठून गेली असती तर? किडनी गेली असती पोरीची."

"घरी गेल्यावर कुणीतरी सांगणारच आहे तिला, की काहीतरी होतं," मंदाताई म्हणाल्या. "मग आपण खोटे पडतो. पुढच्या वेळी ती येत नाही."

"आणि जे पहिल्याच वेळी उठून गेले ते?"

असे काही आईबाप खरंच उठून गेले होते. त्यांतला भोरकडचा एक मुलगा पुन्हा कधी आला नव्हता, हे मला मंदाताईंकडूनच ठाऊक होतं. त्या मुलाचं नाव त्या घेत नसत. त्या दिवशी गाडी कात्रजचा घाट ओलांडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरांचाही अदमास आहे, सर. त्यालाही कारण आहे."

ईश्वरीचं ऑपरेशन झालं. काही काळाने पुन्हा स्कॅन करून मूत्रपिंड सावरतंय की नाही ते पाहायचं होतं. पण त्याआधी मंदाताई आजारी पडल्या. रक्ताचा कॅन्सर होता.

बातमी एस्टीने जाते तशी गेली. भोरहून नसरापूर, नसरापूरहून मार्गासनी, तिथून वेल्हे. वाटेत तिला पाय फुटले. किरणांच्या बाईलाच किरणांचा रोग झाला, असं ती वेल्ह्यात पोचेपर्यंत झालं होतं. रुग्णालयातून सुरेखाला फोन गेला की ती येते म्हणे आणि येत नसे. ईश्वरीला पुन्हा ताप यायला लागला होता, हे विभागातल्या एका शिकाऊ मुलीने मंदाताईंना सांगितलं. त्या तेव्हा मार्गासनीला भावाकडे येऊन राहिल्या होत्या. मी भेटायला गेलो तर त्या शाल गुंडाळून ओट्यावर तयार बसलेल्या. "सर, वेल्ह्याला चला माझ्याबरोबर. आज बाजार आहे. सुरेखा उतरेल."

"तुम्हाला झेपेल?"

"थोडं झेपेल," त्या म्हणाल्या.

एस्टीत मी त्यांना खिडकीची जागा दिली. दिवस काढणीचे होते. त्या शेतं बघत राहिल्या. वेल्ह्याच्या स्टँडवर सुरेखा भेटली, बरोबर तिची सासू सोनाबाई आणि ईश्वरी. ईश्वरी उंच झाली होती आणि डोळ्यांखाली ओढलेली दिसत होती. मंदाताईंना पाहून सुरेखाने मान खाली घातली. अंगावरची शाल, डोक्याला बांधलेला रुमाल, सगळं तिने एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

सोनाबाईच बोलल्या. "बाई, रागाला येऊ नगा. पन तुमची ही दशा बघून पोरीला कसं धाडायचं? तुमास्नी ह्ये कशानं झालं?"

"म्हाईत न्हाई, मावशी."

"किरणांनी न्हाई?"

शेजारचा चहावाला हातातलं फडकं तसंच धरून ऐकत होता. एका 'नाही'वर सगळं मिटलं असतं. मला वाटलं, आता तरी त्या म्हणतील. पोरीचं मूत्रपिंड त्या एका शब्दावर अडलं होतं. आणि तो शब्द फारसा खोटाही नव्हता.

मंदाताई बाकावर टेकल्या. "न्हाईच, असं म्या म्हननार न्हाई, मावशी. कामावर आमी छातीला एक बिल्ला लावतो. अंगाला किती लागलं ते त्यात कळतं. इतक्या वर्षांचं त्यावरनं म्या माझाबी अदमास काढला. लई ल्हान निघाला. ज्या बाईनं मशीन कधी बघितली न्हाई तिलाबी ह्यो आजार व्हतो. बहुतेक मलाबी तसाच झालाय. पन बहुतेक."

सोनाबाईंनी सुनेकडे पाहिलं, म्हणजे झालं की नाही माझं खरं, अशा नजरेने.

सुरेखाने खाली बघतच विचारलं, "आनि स्कॅन न्हाई केला तर?"

"तर ह्यो ताप येत ऱ्हानार आनि डावी बाजू किती उरली ते कुनालाच कळनार न्हाई. कळंल तवा उशीर झाल्याला असंल. त्योबी अदमासच हाय. पन त्यो मोठा हाय, सुरेखा. चिमटीत मावनारा न्हाई."

स्टँडवर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. मग सुरेखा सासूला म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टर म्हनले काय व्हत न्हाई. सरकारी दवाखान्याच्या आशाताई म्हनल्या काय व्हत न्हाई. तुमी म्हनला पोर मरंल. ह्या येकट्याच हायत, किती ते सांगत्यात. सोताचंबी झाकलं न्हाई. म्या नेनार हिला."

सोनाबाई चहावाल्याकडे, रस्त्याकडे आणि शेवटी ईश्वरीकडे बघत राहिल्या. "ने," त्या म्हणाल्या. "आनि वय खरं सांग तिथं."

मंदाताईंनी सवयीने दोन्ही हात ईश्वरीपुढे केले आणि मधेच मागे घेतले. त्यांना आता पाण्याचा तांब्याही जड झाला होता. ईश्वरीला ते कळलं असावं. ती पुढे आली, तिने त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना उभं करून वर उचलायला जोर लावला. टाचा जमिनीवरून सुटल्या की नाही, सांगता येत नाही.

"अगं ए, पडतील त्या," सुरेखा ओरडली.

"असू दे," मंदाताई म्हणाल्या. "सांग, अदमास सांग."

"आमच्या शेरडाएवढ्या."

"कारन?"

ईश्वरीने विचार केला. "त्ये लाथा मारतं म्हनून जड लागतं. तुमी गप ऱ्हायला. पन असाल तेवढ्याच."

"कारन बरोबर हाय," मंदाताई म्हणाल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना परत बाकावर बसावं लागलं.

ईश्वरीचा स्कॅन पुढच्याच आठवड्यात झाला. शिकाऊ मुलीने आधी तिला कडेवर घेतलं आणि मग काट्यावर उभं केलं, असं सुरेखाने मला पुण्यानुमोदनाच्या मंडपात सांगितलं. डावी बाजू टिकून आहे. लावणी ते काढणी तेवढंच का, असं तिने स्कॅनच्या वेळी विचारलं होतं. आता वजन वाढलंय, अदमास नव्याने काढावा लागतो, असं त्या मुलीने सांगितलं.

बाजाराच्या त्या दिवशी वेल्ह्याहून परतीच्या गाडीत मंदाताई डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोप लागली. मार्गासनी जवळ आलं तसं त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "शेरडापेक्षा थोडी जास्त आहे मी. शाल नाही धरली तिने."

थांब्यावर त्यांचा भाऊ न्यायला आला होता. मी उतरून सोबत येतो म्हटलं, त्यांनी नको म्हणून हात केला. मला पुढे नसरापूरला उतरून भोरची गाडी धरायची होती. कंडक्टर मागच्या दारातल्या माणसाशी काहीतरी हुज्जत घालत होता म्हणून गाडी थोडी रेंगाळली आणि मला खिडकीतून त्या दिसत राहिल्या. रस्त्यालगतच्या खळ्यावर कुणाची तरी भाताची रास पडली होती. भाऊ पुढे चालत गेला होता. मंदाताई त्या राशीपुढे थांबल्या. शाल सावरली, मान जराशी तिरकी केली, एक पाऊल डावीकडे सरकून पुन्हा पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले.

खळ्यावरच्या माणसाने पायली खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी हलली. त्यांनी किती सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.